एका हाकेत उठणारी

सावदा, ता. रावेर
दि. ६ फेब्रुवारी २०२५

चि. भाविका हिस आशीर्वाद.

मी हयात आहे. पत्राच्या पहिल्याच ओळीत हे लिहिण्याची वेळ माझ्यावर आली, ती कोणामुळे आली, हे तुला ठाऊक आहे.

रविवारी धुळ्याहून प्रेमराजभाऊ, त्यांच्या पत्नी आणि चिरंजीव तुला पाहण्यासाठी आपल्या ओसरीत बसले होते. पोहे झाले, चहा झाला. इतक्यात प्रेमराजभाऊंचा फोन वाजला, मग त्यांच्या मुलाचा वाजला, मग तुझ्या वडिलांचा, योगराजचा. प्रेमराजभाऊंनी वाचले, माझ्याकडे पाहिले, चष्मा पुसून पुन्हा वाचले आणि अत्यंत नम्रपणे म्हणाले, "नाना, आज चारपासून तुमचं द्वारदर्शन आहे."

तू सांभाळतेस त्या समाज मंडळाच्या अॅपवरून माझ्या निधनाची आणि द्वारदर्शनाची, म्हणजे दारावर सांत्वनाला येण्याची, वार्ता मंडळाच्या प्रत्येक सभासदाला गेली होती. नाव माझे, गाव माझे, घराची खूणसुद्धा बरोबर. पाहुणे घाईघाईने उठून गेले. त्यानंतर जे सुरू झाले ते तू जळगावला निघून गेल्यामुळे पाहिले नाहीस, म्हणून लिहितो. तिन्हीसांजेपर्यंत अंगण भरले. फैजपूरच्या बायका गल्लीच्या कोपऱ्यापासून हंबरडा फोडत आल्या आणि मला दारात उभा पाहून त्यांचा आवाज मध्येच तुटला. शेजारच्या रत्नाबाईंनी निधनाच्या घरी देतात ते कडू घासाचे डबे आणले होते, ते परत न्यावेत की ठेवावेत हे त्यांना कळेना. शेवटी मी आतल्या खोलीत जाऊन बसलो. स्वतःच्या दारावर आलेल्या माणसांपासून मी लपलो.

रात्रीच्या आधी दोंडाईच्याहून झुलालआबा आला. कापसाच्या जिनिंगमध्ये आम्ही दोघांनी तरुणपणी एका गंजीवर बसून भाकरी खाल्ली, तो झुलाल. त्याचे गुडघे चालत नाहीत. त्याच्या नातवाच्या फोनवर तो निरोप कोणीतरी पुढे पाठवला होता. मला पाहताच तो ओट्यावरच बसला आणि म्हणाला, "उखर्डू, तू जित्ता शे? मी बठ्ठी वाट रडत उनू रे!" सगळी वाट रडत आलेल्या माणसाला सगळ्या अंगणासमोर मी एवढेच उत्तर दिले, की हा माझ्या नातीचा निष्काळजीपणा आहे.

दुसऱ्या दिवशी मी मंडळाकडे लेखी तक्रार दिली. अध्यक्ष हितेंद्र यांनी ती तुझ्या कंपनीकडे पाठवली आहे. रविवार, दि. २ मार्च रोजी सभेत तिचा विचार होईल.

मी फोन बंद करून ठेवला आहे, कारण मी जिवंत आहे की नाही हे विचारणारे लोक थकत नाहीत. म्हणून मला लेखी उत्तर पाठव. माझेच नाव का घेतलेस आणि ही वार्ता बाहेर कशी गेली, हे मला समजेल अशा मराठीत लिही. समाधान होईपर्यंत घरी येऊ नकोस.

तुझा,
नाना


जळगाव
दि. १० फेब्रुवारी २०२५

ती. नानांना साष्टांग नमस्कार.

तुम्ही हयात आहात हे तुमच्या अक्षरात वाचूनही मला रडू आलं. रागवा, पण फोन सुरू ठेवा. आजीला कधी काही झालं तर मी कुठे विचारू?

आधी नावाचं सांगते. अॅपमध्ये काही बदल केला की ते नीट चालतं का हे तपासावं लागतं. त्यासाठी खोटी लग्नपत्रिका, खोटी निधनवार्ता असं सगळं तयार करून पाठवून पाहायचं. लग्नासाठी नावं मिळाली. निधनासाठी कुणी नाव देईना. दिवाळीत मी हे हसत हसत तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्हीच म्हणालात, "माझं घाल. मी असल्या गोष्टी मानत नाही." मी दोनदा विचारलं होतं. तुम्ही दोनदा हो म्हणालात. हे मी कंपनीत कुणालाही सांगितलेलं नाही.

आता वार्ता बाहेर कशी गेली ते. ही तपासणी मी हाताने करत नाही. एक साधन आहे, ते ठरलेल्या वेळी आपोआप सुरू होतं, माणसासारखं एकेक बटण दाबतं आणि निरोप गेला की नाही ते बघतं. मात्र निरोप कुठे पाठवायचा हे त्या साधनाच्या आत लिहिलेलं नसतं. ते बाहेर, कॉम्प्युटरच्या भोवतालात एका नावाखाली ठेवलेलं असतं. याला आम्ही एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणतो. साधन सुरू होताना फक्त तिथे बघतं. तिथे चाचणीच्या सर्व्हरचा पत्ता असेल तर निरोप चाचणीच्या खोट्या यादीला जातो. तिथे खऱ्या सर्व्हरचा पत्ता असेल तर खऱ्या माणसांना. साधनाला यातला फरक कळत नाही.

तुम्हाला शेतातलं सांगते. आपल्या मोटारीला ऑटो लावलेलं आहे. लाइट आली की मोटार आपोआप सुरू होते. कोणता व्हॉल्व्ह उघडा आहे हे मोटारीला माहीत नसतं. मृगबागेतल्या केळीचा उघडा असेल तर खताचं पाणी मृगबागेत, कांदेबागेतल्या केळीचा असेल तर तिकडे. मोटारीची त्यात काही चूक नसते.

त्या सकाळी हितेंद्रकाकांचा फोन आला होता, की काही जणांना लग्नाचे निरोप दोनदा जातात. ते पाहण्यासाठी मी पत्ता खऱ्या सर्व्हरचा केला. अकरा वाजता साधन आपोआप सुरू होणार होतं. त्याआधी पत्ता परत फिरवायचा होता. माझ्याकडून राहून गेलं. चूक माझी आहे आणि मी कंपनीला तसं लिहून दिलं आहे.

माझी काळजी करू नका. ऑफिसमध्ये सगळे समजून घेतात.

तुमची,
भाविका


सावदा
दि. १५ फेब्रुवारी २०२५

चि. भाविका हिस आशीर्वाद.

पत्र पोहोचले. नावाबद्दल तू लिहिलेस ते खरे आहे. दिवाळीत मी तसे बोललो होतो. मागच्या पत्रात ते लिहायचे मी टाळले, कारण अंगणातल्या त्या गर्दीनंतर असल्या गोष्टी मी मानत नाही असे छातीठोक म्हणणे मला जमले नसते. एवढे मान्य करून तो मुद्दा मी बंद करतो.

व्हॉल्व्हचे उदाहरण चांगले दिलेस. ते मी तुझ्या आजीलाही वाचून दाखवले. एन्व्हायर्नमेंट हा शब्द मला उच्चारता येत नाही, परंतु गोष्ट समजली. यंत्र आपोआप चालणारे असेल तर यंत्राकडे पाहून उपयोग नाही, यंत्राच्या बाहेर आपण काय उघडे ठेवले आहे ते पाहावे लागते. हे मला कोणी शिकवण्याची गरज नाही. केळी करणारा प्रत्येक माणूस हे जाणतो.

आणि म्हणूनच तुझी चूक मला अधिक लागते. आपल्या शेताचा नियम तू लहानपणापासून पाहिला आहेस. ऑटो चालू असेल तर व्हॉल्व्ह फिरवल्याशिवाय जागेवरून उठायचे नाही. आपला सालदार पुना एकदा मृगबागेला खताचे पाणी सोडून व्हॉल्व्हपाशी बसला होता. त्याचे सासरे त्याला न्यायला बांधावर येऊन उभे राहिले. पुना उठू लागला तेव्हा मी त्याला बसवले आणि त्याच्या सासऱ्यांना म्हटले, "पाव्हने, तुम्ही बांधावर थोडे बसा. कांदेबागेची रोपे कोवळी आहेत. हे खत तिकडे गेले तर रोपे जळतील." ते बसले. राग धरला नाही. उलट नंतर गावभर सांगितले, की उखर्डूच्या शेतात कामाला मान आहे.

त्या घरातली तू मुलगी. साधन अकराला सुरू होणार हे तुला माहीत, पत्ता खऱ्या लोकांचा आहे हे माहीत, आणि तरीही तू तिथून उठलीस. का उठलीस? या एका प्रश्नाचे सरळ उत्तर मला पाहिजे. सभेत मला कोणी हे विचारले तर मी काय सांगू?

आजीची प्रकृती ठीक आहे. फोन अद्याप बंद आहे.

तुझा,
नाना


जळगाव
दि. १९ फेब्रुवारी २०२५

ती. नानांना साष्टांग नमस्कार.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे, की उठायला नको होतं आणि मी उठले. सभेत असंच सांगा.

ते काम सध्या दुसऱ्या मुलीकडे दिलं आहे. मला थोडी विश्रांती मिळाली आहे, त्यामुळे दिवसभर खोलीवरच असते. कंपनी मंडळाच्या सभेची वाट पाहते आहे. सभेनंतर माझं काय करायचं ते ठरवतील. मी तुम्हाला ऑफिसमध्ये सगळे समजून घेतात असं लिहिलं होतं. तेवढं खरं नव्हतं.

झुलालआबांना पत्र लिहिलंत का? ते त्या दिवशी चहासुद्धा न घेता परत गेले असं बाबांनी सांगितलं. त्यांना माझा नमस्कार लिहा.

आजीला म्हणावं, गुडघ्याला तेल लावत जा.

तुमची,
भाविका


सावदा
दि. २४ फेब्रुवारी २०२५

चि. भाविका हिस,

आशीर्वाद हा शब्द आज लिहिताना हात थांबला. तरीही लिहितो, कारण माझ्याकडे देण्यासारखे दुसरे काही नाही. आशीर्वाद.

तुझे पत्र आले तेव्हा तुझी आजी अंगणात तूर पाखडत होती. मी नेहमीप्रमाणे तिला मोठ्याने वाचून दाखवले. "उठायला नको होतं आणि मी उठले" हे वाक्य वाचून मी म्हटले, "पाहा, अजूनही सरळ उत्तर देत नाही." आजीचे सूप थांबले.

ती म्हणाली, "कोन म्हनतं देत नाही? तुमी तिले इचारता, का उठली म्हून? तुमाले आठवत नाही?"

मी विचारले, काय आठवायचे?

"पोरगीनं दोनदा म्हटलं, नाना, दोन मिंटं थांबा, पत्ता फिरवाचा राह्यला हाये. मी चुल्हीपाशी होती, मले आयकू आलं. तुमीच म्हटलं, पाव्हने काय तुह्या पत्त्याले थांबतीन? अन् मंग पाव्हन्यांकडे तोंड करून काय बोलले, तेबी सांगू का?"

मी नको म्हटले. ती सांगणार होतीच. तिने सांगितले.

भाविका, ते शब्द मला पूर्ण आठवतात. आजीने सांगण्यापूर्वीही आठवत होते. फक्त ते त्या दिवसाच्या हिशेबात मी कुठे धरलेच नव्हते. पाहुणे ठरल्या वेळेच्या आधी आले होते. तू ओसरीच्या कोपऱ्यात यंत्रासमोर बसली होतीस. प्रेमराजभाऊ सहज म्हणाले, मुलगी फार शिकलेली दिसते. मला वाटले, शिकलेली म्हणजे डोक्यावर बसणारी, असा त्यांचा अर्थ असावा. तेव्हा मी मोठ्याने म्हणालो, "शिकली कितीही, तरी आमची पोरगी एका हाकेत उठते." आणि ते खरे करून दाखवण्यासाठी तुला हाक मारली, चहा आण म्हणून. तू दोन मिनिटे मागितलीस. मी दुसरी हाक मारली. तू माझ्या तोंडाकडे पाहिलेस आणि उठलीस.

पुनाच्या सासऱ्यांना मी बांधावर बसवले होते. ती गोष्ट मागच्या पत्रात मी किती अभिमानाने लिहिली, ते आठवून आता मला लाज वाटते. पुना सालदार आहे, परका आहे, पण त्याच्या हातात माझ्या बागेचे खत होते, म्हणून मी त्याला उठू दिले नाही. तुझ्या हातात काय होते ते मी विचारलेसुद्धा नाही. माझ्या दृष्टीने तुझ्या समोरचे यंत्र म्हणजे पाहुण्यांना दाखवण्याची वस्तू होती. त्यात कोणाची रोपे जळू शकतात, हे मला तेव्हा सुचले नाही.

मग अंगणात झुलालला मी सांगितले, की हा नातीचा निष्काळजीपणा. मग तक्रारीवर सही केली. मग तुला घरी येऊ नको म्हटले. आणि मग, सगळ्यात शेवटी, तुलाच विचारले, का उठलीस.

तू दोन पत्रांत हे लिहिले नाहीस. मला वाटले, तू लपवतेस. तू माझेच लपवत होतीस.

सभेला जाऊन हे सांगणार आहे. झुलालला पत्र लिहून आदल्या दिवशी मुक्कामाला बोलावले आहे. जे त्याच्यासमोर चुकीचे बोललो ते त्याच्यासमोर दुरुस्त झाले पाहिजे.

नाना


जळगाव
दि. २७ फेब्रुवारी २०२५

ती. नानांना साष्टांग नमस्कार.

नाना, सभेला जाऊ नका. तक्रार मागे घ्यायची असेल तर बाबांच्या हातून चिठ्ठी पाठवा. तिथे लोक हसतील. तुम्ही मेल्याचं कळून आलेलेच लोक तिथे असतील. तुम्हाला कुणी हसलेलं मी आजवर पाहिलेलं नाही आणि मला पाहायचं नाही.

आणि सगळं तुमच्यावर घेऊ नका. ऑफिसमध्ये आमचे साहेब मध्येच बोलावतात तेव्हा मी सांगते, "सर, तपासणी लागायची आहे, पत्ता बदलून येते." ते थांबतात. तुमच्यासमोर मला तसं ठामपणे सांगता आलं नाही. दुसऱ्या हाकेला मी बसून राहिले असते तर तुम्ही पाहुण्यांसमोर खोटे पडला असता. तुमचं बोलणं खोटं पडू नये असं मला वाटलं. म्हणून उठले. हेच सरळ उत्तर आहे. आधी लिहायला हवं होतं.

आता साधनात मी एक अडसर घातला आहे. भोवतालात खरा पत्ता दिसला तर ते सुरूच होत नाही, थांबून विचारतं. नव्या मुलीला मी ते करून दिलं. हे आधीच करायला हवं होतं. ती चूक मात्र पूर्ण माझी, त्यात तुम्ही वाटेकरी होऊ नका.

तुमची,
भाविका


सावदा
दि. ४ मार्च २०२५

चि. भाविका हिस अनेक आशीर्वाद.

मी सभेला गेलो.

धुतलेले धोतर नेसलो, टोपी घातली, आणि झुलालला रिक्षात बसवून मंडळाच्या सभागृहात नेले. दारातच कोणीतरी म्हणाले, "या नाना! मेल्यावर पहिल्यांदाच सभेला आलात!" सगळे हसले. तू म्हणाली होतीस तसेच झाले. मी उभा राहून ते हसणे पूर्ण होऊ दिले.

माझा विषय आला तेव्हा हितेंद्र यांनी तक्रार वाचली. मी उठून सांगितले, की ही तक्रार ज्या माणसाविरुद्ध पाहिजे होती त्याचे नाव तिच्यात चुकीचे पडले आहे. ते नाव माझे पाहिजे. मग जे घडले ते क्रमाने सांगितले. हितेंद्र भला माणूस आहे. त्याने मला वाट काढून दिली. म्हणाला, "नाना, घरात पाहुणे आले, तुम्ही चहाला हाक मारली. यात कसला गुन्हा? पोरगीनं पत्ता बदलूनच उठायला पाहिजे होतं."

बऱ्याच माना हलल्या. ती वाट सोपी होती. त्या वेळी खाली बसलो असतो तर माझी अब्रू राहिली असती आणि तुझी गेली असती, आणि सभागृहातल्या कोणालाही त्यात काही वावगे वाटले नसते.

मी म्हटले, "चहा मला प्यायचा नव्हता. पाहुण्यांना चहाची घाई नव्हती. माझी नात एका हाकेत उठते, हे मला त्यांना दाखवायचे होते. दाखवण्यासाठी मी तिला भरल्या कामावरून उठवले. आपल्यापैकी कोणी ऑटो चालू असताना माणसाला व्हॉल्व्हवरून उठवील का?"

या वेळी कोणी हसले नाही. सभेत बहुतेक सगळे केळीवाले आहेत. हसणे मला सोसले होते, ती शांतता सोसली नाही. मान वर करता येईना. झुलालने माझ्या धोतराचा सोगा ओढला आणि म्हणाला, "बठ आते, उखर्डू. समजनं." सगळ्यांना समजले होते. मी बसलो.

तक्रार रद्द झाली. अॅपचे काम पुन्हा तुझ्याकडेच द्यावे, असे मंडळ तुझ्या कंपनीला कळवणार आहे. कंपनी ऐकेल की नाही हे मला माहीत नाही. तिने ऐकले नाही तर ते नुकसान माझ्या हातून झाले असेल आणि त्याची भरपाई माझ्याकडे नाही. हे मी तुला स्पष्ट लिहून ठेवतो. झुलाल अजून येथेच आहे. त्या दिवशी राहिलेला चहा तो दिवसातून तीनदा मागून घेतो आणि प्रत्येक वेळी मला जिवंत असल्याबद्दल टोमणा मारतो.

आता शेवटची गोष्ट. काल फोन सुरू केला. प्रेमराजभाऊंचा पहिलाच फोन आला. झाल्या प्रकाराचे त्यांनी मनावर घेतलेले नाही. मुलगी पसंत आहे. म्हणाले, "नाना, खरं सांगू? तुम्ही बोललात आणि मुलगी लगेच उठली, ते आमच्या घरात सगळ्यांना फार आवडलं."

महिन्यापूर्वी हे वाक्य ऐकून मी गावात पेढे वाटले असते. काल ते ऐकताना कान तापले. मी त्यांना उत्तर दिले ते जसेच्या तसे लिहितो, कारण तुझ्या माघारी मी काय बोललो हे तुला माहीत असले पाहिजे.

"प्रेमराजभाऊ, त्या दिवशी मी आपल्याला चुकीची माहिती दिली. आमची मुलगी हातातले काम पुरे झाल्याशिवाय उठत नाही. आपल्या घरी हे चालत असेल तर तिलाच विचारा. माझ्याकडून होकार धरू नये."

 मग विचार करून कळवतो म्हणाले. अजून कळवलेले नाही.

शनिवारी घरी ये. तपासणीसाठी निधनाचे नाव लागत असेल तर माझेच राहू दे. यंत्र ओसरीच्या कोपऱ्यातच मांड. तुला कोणी हाक मारणार नाही. चहा मी तिथेच आणून ठेवीन. आजी दोन दिवसांपासून मला तो शिकवते आहे. झुलाल म्हणतो, अजून जमत नाही.

तुझा,
नाना